पिंजाऱ्याच्या घरातली गादी

पिंजाऱ्याच्या घरात गादी नसते. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. माझं लग्न झालं तेव्हा नव्या नवरीला सासऱ्यांनी घोंगडी अंथरून दिली होती. ती टोचते म्हणून मी तोंड वाकडं केलं, तर म्हणाले, "शरिफा, आपल्याला शेत न्हाई. मंग घरात कापूस आला कुठनं, असं कुनी इचारलं तर काय सांगशील?" तेव्हापासून मी कधी गादी मागितली नाही.

सासरे म्हणजे माझे सख्खे चुलते, हैदरबाबा. माझे आईबाप तापाच्या साथीत गेले, तेव्हा त्यांनीच मला उचलून नगरला आणलं, वाढवलं आणि आपल्याच पोराच्या गळ्यात बांधलं. त्या पोराला गाव गनीभाई म्हणतं. लहानपणी मी त्याला गन्या म्हणत गोट्या खेळले, हरले की चिमटे काढले. लग्न झालं आणि ते नाव तोंडातून गेलं ते गेलंच. आता नुसतं 'आमचे हे'.

दिवाळी सरली की बाबा कमान खांद्यावर टाकून निघायचे. कमान म्हणजे माणसापेक्षा लांब लाकूड, त्याला आतड्याची ताणलेली दोरी, तिला आम्ही तात म्हणतो. तातेवर लाकडी मूठ मारायची, ती थरथरली की कापूस फुलून वर येतो. नगरपासून शेवगाव, पाथर्डीकडची गावं बाबा पायी करायचे. गल्लीत शिरताना तातेवर एक टिचकी मारली की घराघरातून बायका डोकवायच्या. ज्या घरचं काम असेल, त्याच घरच्या ओसरीवर बसायचं. तिचा कापूस, तिची खोळ, सगळं तिच्या डोळ्यांदेखत पिंजायचं, भरायचं, टाके घालायचे. आणि उठताना बाबा अंगरखा तिथंच झटकायचे. दाढीत अडकलेली रुईसुद्धा बोटानं काढून त्या बाईच्या ढिगावर ठेवायचे. लहानपणी मी एकदा सोबत गेले होते, तेव्हा मला ते बघून हसू आलं होतं. त्यांनी माझ्या वेणीतली रुईपण काढून ठेवली.

पण छाती गेली होती त्यांची. सगळ्याच पिंजाऱ्यांची जाते. एकीकडून तात बोलायची, दुसरीकडून खोकला. होळीला घरी परत यायचे ते भिंतीला धरत यायचे, आणि पुढं महिनाभर मी आल्याचा काढा करून हैराण व्हायचे. मला आयुष्यात फार काही नको होतं. बाबांनी बसावं, एवढंच. दारात बाज टाकावी, चहा प्यावा, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका माराव्यात. आमच्या ह्यांनाही तेच हवं होतं. मी त्यांच्याशी जन्मभर भांडले असेन, पण हे मी खोटं बोलणार नाही.

लढाई सुरू झाली आणि भिंगारच्या छावणीत गोऱ्या सोल्जरांची ही गर्दी झाली. त्यांच्या दवाखान्याला गाद्या पाहिजे होत्या. एक ठेकेदार आमच्या गल्लीत विचारत आला आणि हे त्याला 'होईल' म्हणून मोकळे झाले. घरात एक कमान, आणि म्हणे होईल! मग नेवाशाकडून दोघे पिंजारी आणले, मग आणखी दोघे. टाके घालायला गल्लीतल्या बायका बसवल्या, त्यात शेजारची चांगुणा पहिली, विधवा बाई, हाताला वेग असलेली. त्यांच्यावर मी मुकादम. झेंडी गेटाजवळ पत्र्याची शेड घेतली. दर वेळी हे म्हणायचे, "शरिफा, एवढं बसलं ना, की बाबांना बसवायचं." ते बसलं की पुढचं काहीतरी उभं राहायचं.

मग मशीन आलं. बार्शीकडचा एक जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, बंद पडला होता, तिथलं जुनं पिंजायचं मशीन, आणि ते फिरवायला तेलाचं इंजिन. गाडीवरून उतरवताना अख्खा झेंडी गेट बघायला जमला. शेडमध्ये ते बसवलं, सुरू केलं, तर पत्रे थरथरायला लागले. बाबा पुढं झाले. इंजिन बंद झाल्यावर त्यांनी मशीनच्या दातेरी पिंपावर हात ठेवला आणि ह्यांना विचारलं, "हे थांबतं का रं?"

"थांबतं की बाबा. का नाही थांबणार?"

"मंग चांगलं हाय," म्हणाले, आणि खोकत घरी गेले.

लढाईच्या त्या सालांत आमचं बरं चाललं. खोटं कशाला सांगू, मी चांगली दोन लुगडी घेतली, कानांत सोनं घातलं. पण बाबा काही बसले नाहीत. छावणीचं काम मशीनवर चालायचं आणि दिवाळी सरली की ते कमान उचलायचे. "त्या बाया वाट बगत असत्याल," म्हणायचे. मी कमान माळ्यावर टाकली तर शिडी लावून काढली.

लढाई संपली आणि गोरे निघून गेले. आलेले पिंजारी आपापल्या गावी परतले, टाके घालणाऱ्या बायका रोज दारात येऊन काम विचारायच्या आणि मी नाही म्हणून म्हणून थकायचे. मशीन उभं. आमचे हे रोज सकाळी जाऊन त्याला फडक्यानं पुसायचे आणि परत यायचे, जेवणावर लक्ष नाही, माणसात नाहीत. धंदा वाढला, वाढला, असं लोक कौतुकानं म्हणतात. वाढतो म्हणजे काय, तर त्याचं पोट वाढतं. आधी तो आपल्याला खायला घालतो, मग आपण त्याला घालत बसायचं. कमान तरी खुंटीला टांगली की गप्प राहायची.

एक दिवस हे घरी आले ते चेहरा फुलवून. म्हणाले, गावागावातला कापूस गाडीत भरून इथं आणायचा, मशीनवर पिंजायचा, गाद्या तयार करून घरपोच द्यायच्या. बाबा एका हंगामात जेवढी घरं करतात तेवढी मशीन आठवड्यात करील. मी म्हणलं, आणि कापूस देणार कोण तुम्हाला? ज्या बायका ओसरीवरून नजर हलवत नाहीत, त्या कापूस गाडीत भरून नगरला धाडतील? तर हे बाबांकडे बघायला लागले. मी काय ते समजले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"बाबा, कमान घ्यायची नाही," हे म्हणाले. "नुसतं सोबत यायचं. तुम्ही शब्द दिला तर देतील."

म्हणजे ज्याला बसवायचं म्हणून हा सगळा डोलारा उभा केला, तोच डोलारा त्याच्या पाठीवर. मी तेव्हा भांडी आपटली, दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. पण बाबा गेले. पोराचं उतरलेलं तोंड त्यांना बघवत नव्हतं. गाडीवानाशेजारी बसून दारोदार हिंडले आणि प्रत्येक बाईला एकच सांगितलं, "तुमची रुई तुमच्याच गादीत यील. माझ्यावर सोडा." त्यांच्या तोंडाकडे बघून बायकांनी गाठोडी दिली. आपलं गाठोडं ओळखू यावं म्हणून प्रत्येकीनं आपल्या लुगड्याची एक चिंधी फाडून त्याला बांधली. कुणाची हिरवी, कुणाची इरकली काठाची, कुणाची नुसती विटलेली.

पहिला हंगाम आम्ही शब्द पाळला. एक गाठोडं झालं की इंजिन बंद करायचं, पिंपाच्या दातांतली रुई काढायची, खाली उडालेली झाडून घ्यायची आणि त्याच गादीत भरायची. हे मी माझ्या हातानं करायचे. मग चिंधी पुन्हा बांधायची. गाद्या परत गेल्या तेव्हा बायका खूश झाल्या, मशीनची रुई कशी सायीवाणी झाली म्हणाल्या. बाबा परत आले तेव्हा त्यांना बरं वाटत होतं. आता बसेन म्हणाले, स्वतःहून म्हणाले. मी बाज विणायला टाकली.

पण दुसऱ्या हंगामालाही बायका बाबांच्याच हाती गाठोडी द्यायच्या, म्हणून ते परत गाडीवानाशेजारी बसले, आणि शेडपुढं गाड्यांची रांग. बाजारातले दोन लॉजवाले तयार गाद्या मागायला लागले. इंजिन सुरू करायचं म्हणजे दोन गड्यांनी ते जड चाक ओढायचं, तेल तर रेशनवर, दर गाठोड्याला बंद-चालू करायचं म्हणजे दिवसातला निम्मा वेळ चाक ओढण्यातच जायचा. आधी ह्यांनी खालची झाडलेली रुई एका कोपऱ्यात टाकायला सुरुवात केली. तिच्या गाद्या लॉजला गेल्या. मग छोटी छोटी गाठोडी एकत्र सोडायला लागले आणि सुटलेल्या चिंध्या माझ्याकडंच साठत गेल्या. मी चांगलीच भांडले. शेडमध्ये, गड्यांसमोर भांडले. हे म्हणाले, "रुई ती रुई. वजनाला वजन परत देतोय, चांगलीच देतोय. कोणाचं काय नुकसान आहे?"

मी म्हणलं, "बाबांनी काय सांगितलंय त्यांना?"

"मग थांबवू मशीन? बाबांनी परत कमान घेऊन पायी हिंडू दे?"

इथं त्यांनी माझं नाक बरोबर दाबलं. मी हात टेकले, पण एक कबूल करून घेतलं. नवा कापूस एकत्र गेला तर गेला, जुन्या गाद्या मात्र वेगळ्याच पिंजायच्या. जुनी गादी म्हणजे कुणाच्या आईची, कुणाच्या सासूची, दर खेपेला तीच रुई फुलवून वापरलेली. ह्यांनी पिराची आण घेतली आणि बरेच दिवस ती पाळलीही. मी फळीवर जुन्या गाद्या वेगळ्या ठेवायचे.

त्या हिवाळ्यात बाबा शेवगावकडून परत आले ते मांडीवर एक गाठोडं घेऊन. बाकीचा माल गाडीत, आणि हे एक गाठोडं सर्व्हिस मोटारीतून मांडीवर, लेकरू आणावं तसं. माझ्या हातात दिलं. म्हणाले, "ही रंगुबाईची. ही येगळी."

रंगुबाई कोण ते मला ठाऊक होतं, आमच्या घरात तिचं नाव नेहमी निघायचं. शेवगावच्या पलीकडची. तिची एकुलती एक लेक, पुष्पावती. लग्न ठरलं तसा पोरीनं आपल्या हातानं पहिल्या वेचणीचा कापूस वेचून ठेवला होता आणि बाबांनी तो त्यांच्या ओसरीवर पिंजून रुखवतातली गादी केली होती. पोर पहिल्याच बाळंतपणात गेली. सासरहून गादी तेवढी परत आली. दर दोन-तीन वर्षांनी बाबा ती गादी रंगुबाईसमोर फोडायचे, पिंजायचे, पुन्हा भरायचे. तिच्यावर कोणी झोपत नव्हतं. या खेपेला बाबांना कमान उचलवेना, म्हणून तिनं ती नाइलाजानं दिली होती, पोरीच्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधून. मी ती फळीवर सगळ्यांत आत ठेवली.

आणि मग एका शुक्रवारी भिंगारला आमच्या नात्यात मयत झाली. मी सकाळी गेले, दुपार टळल्यावर आले. शेडच्या बाहेरूनच इंजिन ऐकू येत होतं. आत शिरले तर फळी रिकामी. चांगुणा खाली बसून खोळी उसवत होती आणि तिच्या शेजारी चिंध्यांच्या ढिगात हिरवी चिंधी. मी ओरडले, पण त्या धडधडीत कोणाला काय ऐकू येणार! धावत जाऊन इंजिनाच्या पट्ट्यापाशी उभी राहून हात हलवले तेव्हा ह्यांनी इंजिन बंद केलं. पिंपापलीकडं रुईचा डोंगर पडला होता, पांढराशुभ्र. त्यात कुठं शोधू?

लॉजचा माल संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. ह्यांनी गड्याला सांगितलं होतं, फळीवरचं सगळं खाली घे, आज संपवून टाकू. जुन्या गाद्यांचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. मला शिव्या द्यायच्या होत्या, पण ह्यांचं तोंड बघितलं. दाढी वाढलेली, डोळे लाल, भुवयांवरसुद्धा रुई. मटकन खाली बसले आणि म्हणाले, "हातात राहिलं नाही गं." मग थोड्या वेळानं उठले, डोंगरातली सगळ्यांत चांगली रुई निवडून घेतली, नवी खोळ काढली, जरा जास्तच भरून गादी करायला सांगितली. मी टाके घातले. हिरवी चिंधी बांधली. गादी अशी झाली की नवाबानं झोपावं.

"बाबांना सांगू नकोस," हे म्हणाले.

मला लपवता येत नाही. माझं तोंडच तसलं. घरी गेले तर बाबा नव्या बाजेवर बसले होते, पाय वर घेऊन. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, फळीपासून चिंधीपर्यंत, आणि त्याच्या आधीचंही सगळं. त्यांनी पाय खाली सोडून वहाणा चाचपल्या. हे मागून आले आणि दारात उभे राहिले. बाबांनी मान वर केली.

"थांबतं म्हनाला हुतास," एवढंच बोलले.

बाबा उठले आणि शिडी शोधायला लागले. माळ्यावरून कमान काढायची होती त्यांना. म्हणाले, रंगुबाईकडं जातो. मग बाकीच्या दारी. ज्यांना ज्यांना शब्द दिला त्या सगळ्यांना सांगून येतो. हे म्हणाले, बाबा, मी गाडी पाठवतो, माणूस पाठवतो, नाहीतर मी स्वतः जातो. बाबा म्हणाले, शब्द तू दिला न्हाई. मग ह्यांचा आवाज चढला. "तुम्ही दारोदार सांगत फिरलात तर पुढच्या साली एक बाई चिमूटभर कापूस देणार नाही. शेड बंद पडेल, बाबा."

"व्हय," बाबा म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू तरी सांग."

काय सांगणार होते मी? शेड त्यांच्यासाठी उभी केली म्हणायचं आणि ती त्यांच्याच छातीवर उभी ठेवायची? मी शिडी लावली, कमान काढली आणि म्हणलं, "मी जाते सोबत. त्यांना उचलायची नाही."

सकाळच्या मोटारीनं निघालो. शेवगावला उतरून पुढं पायवाट. माझ्या डोक्यावर ती गादी, खांद्यावर कमान आणि कमरेला हंगामातल्या सगळ्या चिंध्या गाठीत बांधलेल्या. रस्त्यात भेटलेले लोक बघून हसत होते, बाईच्या खांद्यावर कमान कोणी पाहिली होती? बाबा थांबत, खोकत, परत चालत होते. तुरीच्या रानात एकदा बसले तेव्हा मला वाटलं आता उठतच नाहीत. मी म्हणलं, परत जाऊ. ऐकलंच नाही असं केलं. मला त्यांची इतकी दया येत होती आणि इतका रागही येत होता, की रडावं का त्यांना हलवावं ते कळेना.

रंगुबाई ओसरीवर तुरी पाखडत होती. उंच, वाळलेली, कपाळावर कोरडं गोंदण. गादी बघून उठली, हसली, पुढं येऊन चिंधीला हात लावला. बाबा अंगणातच उभे राहिले.

"रंगुबाई, ह्या गादीत तुमचं काई न्हाई."

तिला समजलं नाही. चिंधी तर माझीच हाय म्हणाली. मग बाबांनी सगळं सांगितलं. मशीनचं, डोंगराचं, लॉजचं. पोराचं नाव घेतलं नाही, सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. रंगुबाईनं हात काढून घेतला.

"आन् पुष्पीचं?"

"सगळ्यांत गेलं."

ती खाली बसली. सूप हातात घेतलं, परत ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजी माझ्या लेकीवर आता कोन कोन झोपतंय, हैदरभाई?"

मी गादी ओसरीच्या कडेला उतरवून ठेवली. रंगुबाई रडली नाही. आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली आणि दोघांपुढं पाण्याचा तांब्या ठेवला, पण बसा म्हणाली नाही.

बाबांनी विचारलं, यंदाचा घरचा कापूस हाय का? ती हो म्हणाली. तर म्हणाले, द्या, तुमच्यासमोर पिंजून देतो, आणखी तर माझ्या हातात काई न्हाई. तिनं कोपऱ्यातली कापसाची पाटी पुढं सरकवली. बाबांनी माझ्याकडून कमान घेतली, बसले, मूठ उचलली. तात बोलली. दोन-चार ठोके झाले आणि खोकल्याची अशी उबळ आली की कमान एका बाजूला आणि बाबा एका बाजूला. मी पाठ चोळत राहिले. ती थांबली की ते परत मूठ शोधायचे, परत उबळ यायची. रंगुबाई दाराला टेकून बघत होती. तिचा चेहरा अजून कडकच होता.

मग ती पुढं आली, गादी उचलली आणि ओसरीवर भिंतीशी अंथरली.

"पडा हितं."

बाबांनी मान हलवली. "पिंजारी गादीवर झोपत न्हाई, बाई. लोक इचारत्यात, कापूस कुनाचा."

"ही कुनाचीच न्हाई," रंगुबाई म्हणाली. "हिच्यावर झोपल्यावर तुमाला कोन चोर म्हनंल? पडा."

तिच्या बोलण्यात माया नव्हती. तिला हुकूम करायचीच सवय होती, आणि समोर एक म्हातारा धापा टाकत होता. बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांचा हात धरून त्यांना तिकडं नेलं. आधी कडेला बसले, मग हातानं चाचपून पाहिलं, मग एका कुशीवर पडले, पाय मात्र बाहेर मातीवर ठेवून. पायांना धूळ होती ना. मी पाय उचलून वर ठेवले. डोळा कधी लागला ते कळलंही नाही. खोकला नाही, कण्हणं नाही. इतकं गाढ झोपलेलं मी त्यांना जन्मात बघितलं नव्हतं.

मी कमान जवळ ओढली. आमच्यात बाई टाके घालते, कमानीला हात लावत नाही. पण पाटीतला कापूस तसाच पडला होता आणि बाई समोर बसली होती. मी मूठ मारली. तात बोलली, बाबांसारखी नाही, जरा घोगरी. कापूस फुलायचा कुठं आणि कुठं गोळा व्हायचा. रंगुबाई हसली नाही, मोडताही घातला नाही. नजरही हलवली नाही. मी केलेला ढीग तिनं ओंजळीनं तिच्या बाजूला ओढून घेतला. उन्हं ओसरीवरून अंगणात उतरेपर्यंत मी पिंजत राहिले आणि ती ओढून घेत राहिली.

बाबा जागे झाले तेव्हा लगेच उठले नाहीत. तसेच पडून वर आढ्याकडं बघत होते. मग तळहातानं गादी दाबली, सोडली, परत दाबली.

"शरिफा," म्हणाले, "हे एवढं मऊ असतंय व्हय?"

मला हुंदका आवरला नाही. पदर तोंडात कोंबून मी अंगणाकडं तोंड केलं. उभा जन्म माणसानं गावाच्या गाद्या केल्या आणि मऊ कसं असतं ते आज कळलं, तेही लेक हरवलेल्या बाईच्या ओसरीवर. रंगुबाईनं पण तेव्हाच डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, आजची रात पडा हितंच, सकाळी जा.

बाबा उठून बसले. गादीची घडी केली आणि तिच्या उंबऱ्याशी ठेवली. अंगरखा अंगणात झटकला. मग बोटानं दाढीतली रुई काढून तिच्या ढिगावर ठेवली, आणि मला जवळ बोलावून माझ्या केसांतली काढली, तीही ठेवली.

"चिंध्या काड," म्हणाले. "पुढचं दार कुनाचं?"

मी कमरेची गाठ सोडली. सगळ्यांत वर इरकली काठाची होती, त्याच गावच्या केशरबाईची, वेशीपाशी घर. मी कमान खांद्यावर घेतली आणि आम्ही निघालो.